बिनखडीची कड

बर्फ पडला की कुइक्कला गावात सकाळी दोन आवाज ठरलेले. पहिला तेउवोच्या ट्रॅक्टरचा आणि दुसरा सायमीच्या शिव्यांचा.

ट्रॅक्टर नदीकाठच्या वाटेवरून घरघरत जाई. पुढच्या फाळाने बर्फ घरांच्या बाजूला लोटला जाई आणि सगळ्यांच्या फाटकांसमोर गुडघाभर उंच बांध लागे. बाकीचे लोक बाहेर येत, मुकाट्याने फावडं चालवत आणि आपापल्या कामाला निघून जात. सायमीही फावडं चालवी, पण मुकाट्याने नाही.

"मेल्या, नदी दिसत नाही तुला? एवढी थोरली नदी मोकळी पडलीय त्या अंगाला, आणि तुला माझंच फाटक सापडतं होय?"

हे सगळं ट्रॅक्टरच्या पाठीला. तेउवोच्या तोंडावर ती कधी काही बोलली नव्हती. दोघं एका शाळेत शिकलेले, एका आळीत म्हातारे झालेले. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. पण तिथल्या माणसांना न बोलायला भांडण लागत नाही. समोरून आला तर मान हलवायची, तीही टोपीच्या आतल्या आत.

सायमीचा डावा खुबा गेलेला होता. काठी घेऊन ती दुकानापर्यंत जाई, त्यापुढे पाय उचलत नसे. तरी रोज दुपारच्या जेवणाच्या आत ती पार नदीच्या वळणावरच्या वृद्धनिवासात पोचलेली असे, कारण तिच्याकडे पोत्कुरी होती. पोत्कुरी म्हणजे पुढे लाकडी खुर्ची आणि खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. मागे उभं राहायचं, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने ढकलत जायचं. सायमीचा डावा पाय नुसता पट्टीवर उभा राही, काम उजवा करी. खुर्चीवर पिशवी, पिशवीत रिएस्का, आपल्या भाकरीसारखी, पण बार्लीची आणि मऊ. ती उर्पोसाठी.

उर्पो तिचा नवरा. गेल्या शरद ऋतूत त्याला तिथे ठेवावं लागलं. चूल पेटती ठेवून तो मासे धरायला जायचा, आणि मासे धरायला गेला की घर कुठे ते विसरायचा. आता तो बरंच काही विसरला होता, जेवायचंही. तिथल्या मुली चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे पुष्कळ म्हातारे. त्या दोन चमचे पुढे करत, तो तोंड मिटून बसे, आणि त्या ताट उचलत. सायमीने चमचा धरला की मात्र तो तोंड उघडी. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्ही येता तोवर यांचं वजन टिकेल."

म्हणून ती येत होती. उणे वीस असो, वारा असो, सूर्य उगवतो न उगवतो तोच मावळो.

ती वाट सगळ्यांची होती. कामावर जाणारे तीवरून सायकली हाकत, टायरांना खिळे लावून. म्हातारी जोडपी हातात काठ्या घेऊन चालत. कुत्री, बाबागाड्या, शाळेची पोरं. प्रत्येकाला वाटे की वाट आपली आहे आणि बाकीच्यांना आपण येऊ देतोय. बर्फ सारून झाला की खाली दाबून बसलेला घट्ट थर राही. त्यावर तेउवो मागच्या पेटीतून बारीक खडी टाकत जाई, म्हणजे माणसाचा पाय आणि सायकलीचं चाक सरकू नये. पोत्कुरीला मात्र खडी म्हणजे मरण. पट्टीखाली चार खडे आले की गाडी जागच्या जागी रुतते.

पण नदीकडच्या कडेला हातभर रुंदीत खडीचा एक दाणा पडलेला नसे. शाळेपासून थेट वृद्धनिवासापर्यंत, पांढरी, गुळगुळीत. त्या कडेवरून सायमीची पोत्कुरी सुरीसारखी जाई. तिला वाटे, तेउवोच्या पेटीचं तोंड त्या बाजूला बुजलंय. उर्पो घरी होता तेव्हा ती त्याला हसून सांगायचीसुद्धा, "ट्रॅक्टर म्हातारा झालाय, मालकासारखा. अर्ध्या तोंडानं जेवतो." उर्पो मान खाली घालून ऐके. जाळं विणत बसे.

त्या हिवाळ्यात नगरपालिकेने वाचनालयाच्या खोलीत एक बैठक ठेवली. वाटांचं काम बघणारा माणूस येणार होता. वाट वापरणाऱ्यांनी एकमेकांना कसं सांभाळून घ्यावं यावर बोलायचं होतं, आणि कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव फुकट होता. खोली भरली ती पावामुळे.

कुत्रेवाला एक जण आधी उठला. "सायकलवाले मागून येतात आणि घंटी वाजवत नाहीत."

"वाजवली तर तुमच्या टोपीतून आत शिरते का?" मिर्का म्हणाली. ही मिर्का सायमीच्या शेजारची, हिवाळाभर पोरांना मागच्या गाडीत बसवून सायकलने जाणारी. "आणि ऐकू आली की तुम्ही डावीकडे उडी मारता, बायको उजवीकडे, आणि दोरी मध्ये."

"कुत्रा तरी सरळ चालतो," कुणीतरी मागून म्हणालं.

"मग वाट कुत्र्याला देऊन टाका."

लोक हसले. हसणं म्हणजे कपात बघून नाकातून श्वास सोडणं. पालिकेच्या माणसाने विचारलं, "आणि बर्फ सारण्याचं काम? त्याबद्दल काही तक्रार?"

मग कुत्रेवालाच म्हणाला, "तेउवोचं काम चांगलं आहे. सकाळी उठायच्या आत वाट तयार असते."

सगळ्यांनी माना हलवल्या. तेउवो मागे कॉफीच्या किटलीजवळ बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून, पाव कॉफीत बुडवत. त्याने मान वरसुद्धा केली नाही, पण त्याचे कान लाल झाले.

ते लाल कान सायमीला सहन झाले नाहीत. त्या दिवशी सकाळी तिने फाटकासमोरचा बांध दोनदा उपसला होता. पहिला उपसून होतो न होतो तोच तेउवो परत फिरून आला आणि दुसरा टाकून गेला. खुब्यातून कळा येत होत्या. आणि इथे सगळे म्हणतात, चांगलं.

ती उठली. आयुष्यात कधी चार माणसांत उठून बोलली नव्हती. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळी खोली तिच्याकडे वळली.

"चांगलं?" ती म्हणाली. "माझ्या फाटकासमोर येऊन बघा चांगलं काम. नदीच्या बाजूला एक ढेकूळ टाकत नाही हा, सगळा बर्फ आमच्या दारात. मुद्दाम. मी म्हातारी बाई, माझा पाय असा. आणि खडी तरी धड टाकतो का? नदीकडच्या कडेला हातभर रुंदीत एक दाणा पडत नाही. वर्षानुवर्षं. पेटीचं तोंड बुजलंय याच्या, तेवढंही उतरून बघत नाही. म्हणे चांगलं!"

"नदीकडची कड?" पालिकेच्या माणसाने विचारलं. "सगळीच?"

"सगळीच. शाळेपासून वृद्धनिवासापर्यंत."

तेउवोने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडल्यासारखं केलं, पण त्यात पावाचा तुकडा होता. तो त्याने चावला, गिळला, आणि पुन्हा कपात बघू लागला.

सायमी खाली बसली. छातीत मोकळं वाटत होतं. मिर्का तिच्याकडे झुकली. "बरं झालं बोललात, सायमी. समोरून कुणी आलं की मला त्या कडेला जावं लागतं, आणि नेमकं तिथंच चाक सटकतं. मागे पोरं असतात हो."

सायमीने कप खाली ठेवला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा ऐकू आलं.

पालिकेचा माणूस कोट घालत होता. दारापर्यंत पाच-सात पावलं. जाऊन सांगायचं, बांधाचं खरं, कडेचं राहू द्या, ती कड मला लागते. पण एकदा उठून बोललेलं माणूस त्याच दुपारी दुसऱ्यांदा उठून बोलतं, आणि तेही उलट बोलतं, असं कुइक्कल्यात कुणी पाहिलं नव्हतं. सायमी बसून राहिली. मनाशी म्हणाली, पालिका ऐकते आणि विसरते. इतकी वर्षं काय केलंय त्यांनी?

या वेळी पालिकेने ऐकलं.

पुढचा बर्फ पडला त्या सकाळी सायमी फावडं घेऊन बाहेर आली तर फाटकासमोर काहीच नव्हतं. झाडून घेतल्यासारखं स्वच्छ. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. फावडं भिंतीला टेकवून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आळीकडे बघितलं, की बघा, बोललं की होतं.

मग तिने पोत्कुरी काढली. नदीकडची कड जिथे असायची तिथे आता कंबरेइतका ढीग होता, आणि ढिगाच्या पायथ्यापासून घरांपर्यंत सगळी वाट खडीने करडी झाली होती. तिने पाय मारला. पट्ट्यांनी असा कर्कश आवाज केला की कावळे उडाले. गाडी थांबली, सायमी पुढे गेली, खुर्चीच्या पाठीवर छाती आदळली. पिशवी रस्त्यावर पडली. रिएस्का खडीत लोळली.

ती पायी निघाली. वाटेतल्या बाकापर्यंत पोचली, तिथे बसली आणि बराच वेळ उठता आलं नाही. सायकली भराभरा जात होत्या, मजेत. शेवटी ती मागे फिरली. दुपारी वृद्धनिवासात फोन केला. मुलगी म्हणाली, "दोन चमचे खाल्ले त्यांनी. एक बाहेर आला."

पालिका टॅक्सी देत होती, पण आठवड्यातून एकदाच, आणि तीही डॉक्टरकडे जायला म्हणून. तिथे बस जात नव्हती. आळीत कुणाला सांगितलं असतं तर कुणीही गाडीतून सोडलं असतं. पण सांगायला हवं होतं.

तीन दिवस घरात बसून चौथ्या दिवशी ती तेउवोच्या शेडवर गेली. तो ट्रॅक्टरच्या फाळाला वंगण लावत होता.

"तेउवो."

"हं."

"खडी कडेपर्यंत टाकतोस."

"टाकतो. पेटीचं तोंड बुजलं होतं ना? साफ केलं."

सायमी काठीवर टेकली. "बुजलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग?"

तेउवोने फडक्याला हात पुसले, अगदी एकेक बोट. "फाळ बघ. बर्फ एकीकडेच लोटतो. नदीकडे लोटला तर ढीग कुठं बसणार? कडेवरच. मग तू जाणार कशावरून? माझ्या डोक्यावरून? म्हणून घरांकडे लोटत होतो. सगळ्या आळीच्या शिव्या खाल्ल्या, तुझ्या तर सुरात ऐकल्या. शेडपर्यंत येतो तुझा आवाज."

"सांगायचंस की मला."

"तू विचारायचंस की."

"बैठकीत तरी! तोंडात काय बोळा होता?"

"पाव होता," तेउवो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "आणि तू म्हणालीस मुद्दाम. ते खरंच होतं. काय सांगू पुढं?"

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. सायमीने मान खाली घातली. तिथली बाई मान खाली घालते, तोंडाने काही मागत नाही, पण तिने मागितलं. "परत ठेव ना ती कड."

"आता? तो पालिकेचा माणूस सायकलवरून येतो, कडेला थांबतो आणि बुटानं घासून बघतो खडी आहे का. वसंतात कामं नव्यानं वाटायचीत. कड सोडली तर ट्रॅक्टर विकावा लागेल मला." तो पुन्हा फाळाकडे वळला. "लेखी आलंय, सायमी. तुझंच म्हणणं आहे ते, नीट टाईप करून."

"पण इतकी वर्षं का ठेवलीस? माझ्यासाठी कशाला?"

"उर्पोला विचार."

"उर्पोला स्वतःचं नाव विचारलं तर तो खिडकीकडे बघतो."

"मग राहू दे," तेउवो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सायमीने फावडं घेतलं. अंगणातला बर्फ ती फाटकातून वाटेवर टाकू लागली, खडीवर, हातभर रुंद पट्टी, वरून फावड्याच्या पाठीने थापटून. लहानपणी नदीवर पोरं घसरगुंडीची वाट करत तशी. दुपारपर्यंत शेजारच्या फाटकापर्यंत पोचली. मागे वळून बघितलं तर थापटलेल्या बर्फातून खडी पुन्हा वर डोकावत होती. तरी ती टाकत राहिली.

मिर्का पोरांना घेऊन परत येत होती. तिने ब्रेक दाबला, सायकलचं मागचं चाक आडवं गेलं, पोरांची गाडी डुलली आणि सरळ झाली. मिर्काने एक पाय टेकला. चेहरा पांढरा पडला होता.

"सायमी? हे तुम्ही करताय?"

"हो."

"बैठकीत तुम्हीच म्हणालात ना, वाट साफ हवी. आणि आता अंगणातला बर्फ वाटेवर? माझी पोरं आहेत मागे!"

सायमीला सांगता आलं असतं. उर्पोचं, खुब्याचं, पोत्कुरीचं. मिर्का वाईट बाई नव्हती, तिने ऐकलं असतं, पोरांना घरात सोडून गाडीही काढली असती. पण तिचे डोळे घाबरलेले आणि रागावलेले होते, आणि त्या डोळ्यांपुढे सायमीच्या तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं. उचलते."

आणि तिने तो सगळा बर्फ पुन्हा उचलून अंगणात टाकला. मिर्का उभी राहून बघत होती. मग हळूच म्हणाली, "मदत करू का?" सायमी म्हणाली, "नको." ही दोन वाक्यं तिथे इतकी जुनी आहेत की कुणी त्यांच्याकडे लक्षही देत नाही.

त्यानंतरच्या दिवशी सायमी उजाडायच्या आत पायी निघाली. प्रत्येक बाकावर बसली. जिथे बाक नव्हता तिथे नदीकडच्या ढिगाला टेकली. आता तो ढीग कामाला आला तो एवढाच. सायकलवाले घंटी वाजवून वळसा घालून गेले, सगळे रीतीने, खडीवरून न घसरता.

ती पोचली तेव्हा जेवणं होऊन गेली होती. मुलीने उर्पोचं ताट झाकून ठेवलं होतं, उकडलेला बटाटा आणि मासळी, गार झालेली. उर्पो खिडकीपाशी बसला होता. गालांची हाडं वर आली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पाहुण्याला करावी तशी मान हलवली.

"तुम्ही नव्या का?" त्याने विचारलं.

"मी सायमी."

"सायमी येईल," तो समजूत घालत म्हणाला. "पोत्कुरीवरनं येते ती. नदीकडच्या कडेनं." मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तिला बोटाने जवळ बोलावलं. डोळ्यांत पूर्वीची लबाडी होती, जाळ्यात मोठा मासा असला की असायची ती. "तुम्हाला म्हणून सांगतो, कुठं बोलू नका. तिचा खुबा गेलाय. पण कबूल करायची नाही, मोठी ताठ आहे. मी तेउवोला सांगून ठेवलंय, ती कड सोड, खडी टाकू नकोस, बर्फ घरांकडे लोट. तो म्हणाला, लोक शिव्या देतील. म्हटलं, खा. मोठा मासा दिला त्याला, एवढा." त्याने हात पसरून दाखवला. "पण तिला नाही सांगायचं हं. चिडेल."

"नाही सांगत," सायमी म्हणाली.

तिने बटाटा चमच्याने कुस्करला. खालून घरघर ऐकू आली. तेउवोचा ट्रॅक्टर वळणावरून येत होता, मागच्या पेटीतून खडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पडत होती. उर्पो खिडकीला नाक लावून खूश झाला.

"तो बघा तेउवो," तो म्हणाला. "शब्दाचा पक्का. सोडतोय की नाही कड?"

सायमीने खिडकीबाहेर पाहिलं नाही. चमचा पुढे केला.

"सोडतोय," ती म्हणाली. "तोंड उघड."